पापणीचं ऑपरेशन झालंय? दहाव्या दिवशी निकाल लावू नका

टाके निघाले की दोन-तीन दिवसांत आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो : "डॉक्टर, डावा डोळा लहान दिसतोय, पुन्हा करून द्या." सगळ्यांना तेच सांगून झालं, म्हणून हा कागद.

दोन्ही पापण्यांची सूज सारखी उतरत नाही. ज्या कुशीवर झोपता, ती बाजू सकाळी जास्त फुगलेली दिसते. काळंनिळं साधारण दोन आठवड्यांत जातं. आतली सूज आणि व्रणाचा कडकपणा जायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर पुन्हा कापणं म्हणजे सुजलेल्या अंगाच्या मापाने ब्लाउज बेतणं.

भुवई ते पापणीचे केस, यांत साधारण 20 मिलिमीटर कातडी उरावी लागते, नाहीतर डोळा नीट मिटत नाही. म्हणून आम्ही हात राखूनच काढतो. "अजून थोडी लोंबतेय" ही तक्रार आम्हाला चालते. जास्तीची कातडी नंतर काढता येते; कमी पडली तर बहुधा कानामागून आणून लावावी लागते, आणि ते ठिगळ थोडंफार कळतंच.

झोपेत डोळा किलकिला राहत असेल तर दिवसा थेंब, रात्री मलम. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. खालची पापणी ओढली गेली असेल तर आधी मसाज, नाही जमलं तर काही महिन्यांनी बाहेरचा कोपरा घट्ट करतो. पडलेली पापणी उचलण्याचं ऑपरेशन असेल आणि उंचीत मोठा फरक असेल, तर मात्र पहिल्या आठवड्यातच दाखवा.

एका गोष्टीत अजिबात थांबायचं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत जोराचा ठणका, डोळा पुढे आल्यासारखा ताठ, नजर अंधूक : डोळ्यामागे रक्तस्राव असू शकतो. फोटो काढत बसू नका, फोन करा आणि निघा. रात्र असेल तर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

तपासणीला येताना ऑपरेशनआधीचे फोटो आणा, लग्नाच्या अल्बममधला असेल तर उत्तम. पुष्कळदा फरक तेव्हापासूनचाच निघतो! सेल्फी नको, त्यात अनेकदा डावं-उजवं उलटतं, आणि मग आम्ही दुसराच डोळा बघत बसतो.

आमच्याकडच्या ऑपरेशनची वर्षभर तपासणी मोफत. बाहेर केलेलं असेल तरी या, फक्त डिस्चार्ज कार्ड आणा. पहिल्याच भेटीत दुरुस्तीची तारीख मात्र देत नाही.