चीनहून माल मागवताय? आगाऊ रक्कम पाठवायच्या आधी हे वाचा

लालबागच्या एक ताई मध्यंतरी आमच्या ऑफिसात आल्या. खेळण्यांचे चाळीस खोके न्हावा-शेवा बंदराच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कस्टम्समधून सुटेपर्यंत माल ठेवतात त्या गोदामात, अडकले होते. फाइलीत सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं, व्यापारी चेंबरचा लाल शिक्का असलेलं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशात बनला याचा दाखला. ‘हे आहे ना, मग ड्युटी कमी लागेल ना?’ त्यांनी विचारलं. नाही लागत. हाच समज घेऊन इतकी माणसं येतात, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

ओरिजिन सर्टिफिकेटवर सवलत मिळते ती त्या देशाशी करार असेल तरच. भारत आणि चीनमध्ये मुक्त व्यापार करार नाही. आशिया-पॅसिफिक व्यापार करारात दोन्ही देश आहेत, पण त्यातली सवलत ठरावीक वस्तूंपुरतीच आहे आणि तिचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच लागतं. ‘दुबईमार्गे आणा, तिथे करार आहे’ असंही कुणीतरी कानात सांगतं. यूएईशी करार १ मे २०२२ पासून लागू आहे हे खरं, पण चिनी माल दुबईत उतरवून पुन्हा चढवला म्हणून तो तिथला होत नाही. सवलत मागणाऱ्यानेच माल तिथला कसा याची माहिती जवळ ठेवायची, असा नियम सप्टेंबर २०२० पासून आहे. खोटं निघालं तर फरकाची ड्युटी आणि व्याज तुम्हालाच भरावं लागतं, दंडही होऊ शकतो.

म्हणजे ड्युटी पूर्ण दराने धरायची. भाडं आणि विमा धरून मालाची किंमत १ लाख, बेसिक ड्युटी २० टक्के आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) १८ टक्के समजा. बेसिक २०,००० रुपये, तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे २,०००, आणि १,२२,००० वर आयजीएसटी २१,९६०. एकूण ४३,९६०. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, मात्र बिल ऑफ एन्ट्रीवर (आयातीच्या मालाचा कस्टम्सकडे भरायचा कागद) तुमचा जीएसटी नंबर बरोबर हवा. आपला दर एचएस कोडवरून (प्रत्येक प्रकारच्या मालाचा ठरलेला नंबर) आधीच काढून घ्या. खेळण्यांची बेसिक ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. ताईंनी हिशोब २० नेच केला होता.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, कोण काढू शकतं? पॅन आणि बँक खातं असलेला कुणीही, अगदी एकट्याचं दुकान असलं तरी. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) साइटवर ५०० रुपयांत ऑनलाइन होतं. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अपडेट करावी लागते, काही बदललं नसलं तरी. नाही केलं तर कोड बंद पडतो आणि ते बहुतेकांना माल वाटेत असताना कळतं. इनव्हॉइस, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) आणि आयईसीवरचं नाव अक्षरशः एकच ठेवा.

आता कुणाकडेच नसलेला कागद. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्याचं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) लायसन्स परदेशातल्या कारखान्याला मिळतं, ते आयातदाराच्या नावावर निघत नाही. ताईंच्या सप्लायरने सीई मार्कचं युरोपचं सर्टिफिकेट पाठवलं होतं. दिसायला छान, इथे निरुपयोगी. दुकानदाराने हे ओळखावं कसं? सोप्या मराठीत एक पान छापून प्रत्येक नव्या आयईसीधारकाला पाठवायला सरकारला काय जड आहे, हे मला खरंच कळत नाही. तोवर तुम्हीच एक करा: सप्लायरकडून लायसन्स नंबर मागवा आणि बीआयएस केअर ॲपवर तपासा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर ऑर्डर देऊ नका.

‘इनव्हॉइस अर्ध्या किमतीचं बनवून देतो’ असं सप्लायर आपणहून सांगतो. नको म्हणा. तशाच मालाच्या इतर आयातींच्या किमती कस्टम्सकडे असतात आणि बँकेतून गेलेली रक्कमही दिसते.

राहिली मुदत. जहाज लागलं की दिवस मोजायचे, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. चीनहून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची बिल ऑफ एन्ट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते आणि त्यात सुट्टीचा दिवसही धरतात. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोला विमानाने येणाऱ्या मालाला पोचण्याच्या दिवसापर्यंत मुभा आहे. बिल ३० दिवस आधीही भरता येतं, तेव्हा बीएल हातात आली की त्याच दिवशी सीएचएला (कस्टम्सचं काम करणारा एजंट) पाठवा.

ताईंचे खोके शेवटी परत पाठवावे लागले. जाण्यायेण्याचं भाडं आणि सीएफएसचं डेमरेज, दोन्ही त्यांनीच भरलं. नव्या ऑर्डरसाठी त्यांचा फोन आला तेव्हा लायसन्स नंबर त्यांनी आधीच मागवून ठेवला होता. आम्ही फोनवरच तपासला. चालू होता.