बीप-बीप न करणारा रोडरनर

बीप-बीप! एवढं कानावर पडलं की पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. कार्टूनमधला तुरेवाला पक्षी रोडरनर धुळीचा लोट उडवत पसार होणार आणि त्याच्या मागे लागलेला हडकुळा कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद, कड्यावरून कोसळणार. चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेली ही जोडी १९४९ साली पहिल्यांदा पडद्यावर आली. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोनं रोडरनरला राज्यपक्षी म्हणून निवडलं.

खरी शर्यत लावली, तर मात्र कायोटी जिंकेल. रोडरनर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धावतो. कायोटी ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठू शकतो. अर्थात, अगदीच जिवावर बेतलं तर पक्षी फडफडत जवळच्या झुडपावर जाऊन बसतो. आणि कायोटीही काही त्याच्यावाचून उपाशी राहत नाही. ससे, उंदीर, फळं, किडे, त्याला सगळं चालतं.

मला जास्त नवल वाटतं ते रोडरनरच्या कुळाचं. हा चक्क कोकिळेच्या कुळातला! आपल्याकडचा भारद्वाज त्याच घराण्यातला. तोही जमिनीवरून चालत भक्ष्य टिपतो, आणि कोकिळेसारखी अंडी दुसऱ्याच्या घरट्यात न टाकता आपली पिल्लं आपणच वाढवतो. दोघांच्या पायांची ठेवणही एकच: दोन बोटं पुढे, दोन मागे. त्यामुळे वाळूत रोडरनरचा ठसा फुलीसारखा उमटतो. त्या फुलीकडे कितीही वेळ पाहिलं तरी पक्षी आला कुठून आणि गेला कुठे, याचा पत्ता लागत नाही. न्यू मेक्सिकोतले मूळ रहिवासी प्युब्लो लोक दुष्ट शक्तींना चकवण्यासाठी हेच चिन्ह वापरत आले आहेत.

कार्टूनमधला बीप-बीप हा आवाज पॉल ज्युलियन या पार्श्वभूमी रंगवणाऱ्या चित्रकारानं दिलेला. खरा पक्षी होल्यासारखा हळू, उतरत्या सुरात घुमतो आणि कधी चोचीचा कडकडाट करतो.

दिसायला एवढासा, वजन जेमतेम पाव ते अर्धा किलो, पण हा पक्षी विषारी रॅटलस्नेकवरही चालून जातो. सापाचे वार चुकवत त्याचं डोकं चोचीत पकडतो आणि तो मरेपर्यंत खडकावर आपटतो.

वाळवंटातल्या रात्री गारठ्याच्या. अशा वेळी अंग ऊबदार ठेवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा रोडरनर शरीराचं तापमान काही अंशांनी उतरू देतो. सकाळी उन्हाकडे पाठ करून उभा राहतो, पंख खाली सोडतो आणि पाठीवरची पिसं फुलवतो. पिसांखालची कातडी काळी असते. काळा रंग ऊन भराभर शोषून घेतो, त्यामुळे अन्न न जाळताच अंगात ऊब येते. पाठ पुरेशी तापली की पिसं मिटतात, तुरा उभा राहतो आणि पहिला सरडा दिसताच धाव सुरू होते.