बेंच ड्रिलचे भोक तिरके का जाते?

स्वस्त बेंच ड्रिलच्या, म्हणजे ओट्यावर बसवायच्या भोक पाडण्याच्या यंत्राच्या, खोक्यातून मोजकेच भाग निघतात. बिडाचा बेस, पोकळ लोखंडी खांब, त्यावर वरखाली होणारे टेबल, मोटर आणि पुल्यांसकट एक जड डोके, आणि वेगळ्या पिशवीत चक, म्हणजे भोक पाडणारा बिट पकडणारा भाग. खांब बेसवर बोल्टने आवळायचा, टेबल त्यात ओवायचे, डोके वर चढवायचे. मोटर मागच्या बाजूला असल्याने डोक्याचा तोल जातो, म्हणून ते उचलायला दुसरा माणूस घ्यावा. बेस ओट्याला बोल्टने बांधला की माहितीपुस्तिकेच्या दृष्टीने काम झाले. मग पहिलेच भोक तिरके जाते आणि लोक मोटरला नावे ठेवतात. मोटरचा यात काहीच दोष नसतो.

पाहायचे ते बळ कुठून कुठे जाते हे. बाजूच्या दांड्यावर हाताने आठ-दहा किलोंचा जोर दिला, तर आतले छोटे दंतचक्र त्याचे साधारण दहापट करून बिटच्या टोकाला पोचवते. म्हणजे टेबल शंभर किलोंनी खाली ढकलले जाते आणि डोके तेवढ्याच जोराने वर. दोघांना धरून ठेवणारा खांब मात्र बिटच्या सरळ रेषेत नाही, तो दहा सेंटिमीटर मागे आहे. साहजिकच तो वाकतो.

किती वाकतो, याचा हिशेब करता येतो. खांबाचा बाहेरचा व्यास ४६ मिलिमीटर, पत्र्याची जाडी ३ मिलिमीटर आणि डोके व टेबल यांत ३० सेंटिमीटर अंतर धरू. शंभर किलोंच्या जोराला बिट अंशाच्या सुमारे दहाव्या भागाने कलतो आणि त्याचे टोक जवळजवळ पाव मिलिमीटर सरकते. हे नुसत्या खांबाचे झाले. टेबलाचा कंस आणि डोक्यातला ढिलेपणा यांची भर वेगळी.

याच गणितातून पहिली सुधारणा निघते, आणि ती फुकट आहे. टेबल जितके वर घेता येईल तितके घ्यायचे आणि आखूड बिट वापरायचा. अंतर निम्मे केले की कल निम्मा होतो, सरकणे तर चौथ्या हिश्श्यावर येते. खांबात काँक्रीट भरण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. माझे मत त्याबद्दल फारसे चांगले नाही. काँक्रीटची लवचिकता पोलादाच्या मानाने इतकी जास्त की वरच्या खांबाचा ताठपणा त्याने फार तर पाचव्या हिश्श्याने वाढेल. थरथर थोडी कमी होईल, एवढेच. नवे यंत्र घेताना मात्र खांब जरूर मोजावा. पत्रा तेवढ्याच जाडीचा असला तरी ४६ ऐवजी ६० मिलिमीटरचा खांब दुपटीहून जास्त ताठ असतो.

दुसरा मार्ग म्हणजे जोरच कमी लागेल असे करणे. बिटच्या अगदी टोकाशी, दोन धारांच्या मधे, एक आडवी बोथट कड असते. मध्यावर फिरण्याचा वेग शून्य, त्यामुळे ही कड धातू कापत नाही, चेपून बाजूला सारते. दाबाचा मोठा वाटा तिथेच खर्च होतो, आणि सुरुवातीला बिट पृष्ठभागावर भरकटतो तोही तिच्यामुळेच. आधी पंच मारून छोटे भोक पाडले, तर मोठ्या बिटच्या त्या कडेला कामच उरत नाही. धार लावलेला बिट आणि आधीचे छोटे भोक यांनी जो फरक पडतो, तो महागड्या बेअरिंगने पडत नाही.

आता चक. बऱ्याच यंत्रांत तो टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, नुसता दाबून बसवलेला असतो, ना आटे ना स्क्रू. १८६३ साली पिळाच्या बिटचे पेटंट घेणाऱ्या स्टीफन मोर्स यांच्या नावाचा टेपर आजही चालतो. त्याच्या व्यासात दर वीस मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे प्रत्येक बाजूचा उतार जेमतेम दीड अंश. कोरडे पोलाद पोलादावर आठ-नऊ अंशांच्या उतारापर्यंत घसरत नाही, म्हणून एकदा गच्च बसलेला टेपर आपणहून सुटत नाही. पण कारखान्यातून येताना त्यावर गंज लागू नये म्हणून ग्रीस चोपडलेले असते. ते रॉकेलने पुसून, आतबाहेर दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून, चकचे जबडे आत घेऊन लाकडी ठोकळ्यावर दाबून बसवावा. बाजूचा मार मात्र हा टेपर सोसत नाही. म्हणून बेंच ड्रिलवर मिलिंग, म्हणजे बिटच्या बाजूने धातू कापणे, करायला जाऊ नये, चक फिरता फिरता गळून पडतो.

चक ‘आउट’, म्हणजे मध्यापासून सरकलेला, आहे का, हे डायल गेजने, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने, कळते. चकमध्ये सरळ गुळगुळीत पिन धरून स्पिंडल, म्हणजे चक ज्यावर बसतो तो फिरता दांडा, हाताने फिरवायचे. काट्याचा एकूण फरक ०.२ मिलिमीटर आला, तर पिन मध्यापासून ०.१ सरकलेली आहे. गेज नेहमी दुप्पट दाखवतो. फिरण्यातल्या उंच जागेवर खूण करून चक काढा आणि अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. उंच जागा चकबरोबर फिरली तर दोष चकचा, स्पिंडलशीच राहिली तर स्पिंडलचा. बहुतेक वेळा दोन्हींचा थोडा थोडा असतो, आणि इथे गंमत आहे. स्पिंडल ०.०६ ने आणि चक ०.०५ ने सरकलेला असेल, तर एका स्थितीत चूक ०.११ होते आणि विरुद्ध स्थितीत ०.०१. त्याच दोन सदोष भागांतून चांगले यंत्र निघते.

टेबल काटकोनात आहे का, हे पाहायला गेज लागत नाही. प्लग काढून ठेवा, जाड तार काटकोनात वाकवून चकमध्ये धरा, तिचे टोक टेबलाला जेमतेम टेकवा आणि चक हाताने फिरवा. डावीउजवीकडे फरक दिसला तर टेबलाखालचा बोल्ट सैल करून दुरुस्त करता येतो. अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. पुढेमागे फरक असेल तर बहुतेक यंत्रांत त्याला बोल्ट नसतो. वर लाकडी टेबल बसवून त्याखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारायच्या. त्या पट्ट्या खांबाच्या बुडाखाली घालून काही होत नाही, कारण डोके आणि टेबल दोन्ही एकाच खांबावर असल्याने एकत्रच कलतात.

क्विल, म्हणजे दांड्याने वरखाली होणारी स्पिंडलभोवतीची नळी, पूर्ण खाली घेऊन बोटांनी हलवून पाहा. डुगडुगत असेल तर डोक्याच्या बाजूला लॉकनट असलेला स्क्रू असतो, तो हलकेच आवळा. बेल्ट मात्र फार ताणू नका. खाचेत पाचरीसारखा बसल्यामुळे त्याची पकड सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट असते, आणि जास्तीचा ताण फक्त बेअरिंग खातो. वेगाबद्दल एवढेच की साध्या पोलादात १० मिलिमीटरच्या बिटला मिनिटाला सुमारे ८०० फेरे पुरतात आणि ३ मिलिमीटरला २६०० पर्यंत चालतात. मोठ्या बिटसाठी बेल्ट बदलायचा कंटाळा केला की बिट जळतो.

वाकलेल्या खांबाचा खरा धोका भोक आरपार जाताना दिसतो. टोक खालून बाहेर पडले की विरोध एकदम संपतो. ताणलेला खांब झटक्यात सरळ होतो आणि बिटला पुढे ढकलतो. धारा एका दमात जाड थर पकडतात आणि वस्तू बिटबरोबर गरकन फिरते. मोजे घातलेला हात तेव्हा सुटत नाही, म्हणून मोजे नकोत, चष्मा हवा. वस्तू व्हाइसमध्ये, म्हणजे पकड-शिकंज्यात, धरून बोल्टने आवळावी. लांब पट्टी असेल तर तिचे डावे टोक खांबाच्या डाव्या अंगाला टेकवून ठेवावे. चक वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पट्टी खांबावरच अडते. खाली लाकडाची फळी घट्ट दाबून बसवली तर धातू संपल्यावरही टोकाला विरोध मिळत राहतो, आणि खांब एकदम मोकळा होत नाही.