बांबू पळणार की बेट धरून बसणार, हे कंदाचं टोक ठरवतं

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, कंपाउंडच्या कडेचा पिवळा बांबू काढून टाकायचा, कारण बांबू जमिनीखालून पसरतो, भिंती फोडतो, आणि परदेशात तर त्याच्यावर कायदे आहेत. कायद्याचं खरंय. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात 2013 पासून असा नियम आहे की पळणारा, म्हणजे जमिनीखालून लांब पसरत जाणारा बांबू शेजाऱ्याच्या हद्दीपासून 40 फुटांच्या आत लावायचा असेल तर एकतर जमिनीत अडथळा घाला नाहीतर कुंडीत लावा. पण हा नियम पळणाऱ्या बांबूला आहे, सगळ्या बांबूला नाही, आणि आमच्या कंपाउंडमधला बांबू पळणारा नाहीच. ही गोष्ट ग्रुपवर चार ओळीत सांगता येईना म्हणून हा लेख.

बांबू म्हणजे गवत हे आपल्याला माहीत असतं (सरकारनेही 2017 मध्ये वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू काढला). आता गवतात दोन स्वभाव आपण रोज बघतो. एक गवती चहा, दहा वर्षं एका जागी ठोंब धरून बसतो, फक्त घेर वाढतो. दुसरी हरळी, म्हणजे आपली गणपतीची दूर्वा, वाफ्याच्या या टोकाला उपटली की त्या टोकाला उगवते, शेतकऱ्याला विचारा. बांबूतही असेच दोन स्वभाव आहेत आणि फरक सगळा जमिनीखाली आहे.

जमिनीखाली बांबूचा कंद असतो. कंद म्हणजे मूळ नव्हे, ते आडवं वाढणारं खोड आहे, त्याला उसासारखी पेरं असतात आणि पेरांवर डोळे असतात. आता त्या कंदाच्या टोकाकडे लक्ष द्या, कारण खरी गंमत तिथे आहे. आपला काटस, मानवेल, कोकणातला माणगा, यांच्यात कंदाचं टोक थोडंसं आडवं सरकतं आणि मग वर वळतं, आणि ते टोकच काठी होतं. म्हणजे पुढे जाणारं जे टोक होतं ते काठीत खर्ची पडलं, त्या कंदाला आता पुढे जायला काही उरलंच नाही. नवा कंद यायचा तर त्याच्या कुशीतल्या डोळ्यातून, आणि तोही जेमतेम वीतभर, हातभर जाऊन वर वळतो. आल्याचा गड्डा हातात घेऊन बघा, एकाला एक फुटलेली बोटं दिसतात ना, अगदी तीच रचना. म्हणून बेट होतं.

पळणाऱ्या बांबूत उलट आहे. तिथे टोक सहसा वर वळतच नाही. कडक खवल्यांनी झाकलेलं, भाल्यासारखं टोकदार, ते मातीतून पुढेच जात राहतं, आणि काठ्या येतात त्या मागे राहिलेल्या पेरांच्या डोळ्यांतून. बरेच डोळे झोपूनच राहतात, काहींच्या काठ्या होतात, काहींचे नवे कंद होतात आणि तेही धावत सुटतात. त्यामुळे वरून तुम्ही कितीही काठ्या कापल्या तरी टोकाला काही फरक पडत नाही, ते आता तिसऱ्याच वाफ्यात असतं.

मॅक्लूर नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने या दोघांना पॅकिमॉर्फ आणि लेप्टोमॉर्फ म्हटलं, ग्रीकमध्ये जाड आणि बारीक. बेट करणाऱ्याचा कंद त्यातून निघणाऱ्या काठीपेक्षा जाड आणि आखूड पेरांचा असतो, पळणाऱ्याचा काठीपेक्षा बारीक आणि लांब पेरांचा. आणि यातही एक अपवाद आहे जो मला फार आवडतो. मिझोराममधला मुळी बांबू जाड कंदाच्या गटातला आहे, टोक वर वळून काठी होतं हा नियम तो पाळतो, पण वळण्याआधीची त्याच्या कंदाची मान चांगली मीटरभर किंवा जास्तही लांब असू शकते. त्या मानेवर ना डोळे ना मुळं. त्यामुळे टोक थांबतं खरं, पण लांब जाऊन थांबतं, आणि बेट न होता काठ्या विरळ पसरतात. म्हणजे टोक वळतं का हे पाहायचं आणि किती अंतरावर वळतं हेही पाहायचं.

आता भिंतीचं. पिंपळाचं मूळ फटीत शिरलं की वर्षानुवर्षं जाड होत जातं आणि भिंत फाकवतं. बांबूच्या खोडात जाडी वाढवणारा तो पेशींचा थरच नसतो, कोंब जमिनीतून येतो तोच पूर्ण जाडीचा, आणि कंदही एकदा तयार झाला की फुगत नाही. पळणाऱ्याचं टोक आधीच असलेल्या फटीतून आत घुसेल, पेव्हर ब्लॉक उचलेल, पण धड भिंत फोडणार नाही. बेटाचं म्हणाल तर कंद भिंतीला खेटून दाटी करायला लागले की कच्ची भिंत ढकलली जाऊ शकते, म्हणून तीन-चार फूट जागा सोडायचीच.

घोळ खरा नावाचा आहे. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघांचा बेट करणारा बांबूही गोल्डन बांबू म्हणून विकतात आणि पळणारा फायलोस्टॅकिस ऑरियाही गोल्डन बांबूच. काळ्या बांबूचं तेच, एक पळतो, एक बसतो. मला एका नर्सरीत विचारल्यावर 'सगळे सारखेच' असं उत्तर मिळालं. सारखे नाहीत! काठीवर बोट फिरवा, फांदी फुटते त्याच्या वरच्या पेरावर खोलगट पन्हळ लागली आणि एका सांध्यावर दोनच फांद्या, एक मोठी एक लहान अशा दिसल्या, तर तो फायलोस्टॅकिस, पळणारा. काठी गोल आणि सांध्यावर फांद्यांचा झुबका असेल तर बहुतेक करून बेटवाला.

पळणाराच हवा असेल, दिसतो तो सुंदरच, तर दोन-अडीच फूट खोल चर खणून दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई (कडक प्लास्टिकची) शीट उभी लावायची. वरचं टोक मातीच्या वर दोन इंच ठेवायचं आणि शीट किंचित बाहेर कलती, म्हणजे कंद आपटला की वर येतो आणि दिसतो, दिसला की कापायचा. तळ बंद करू नका, पाणी साचून मुळं कुजतात. जोड नीट घट्ट करा, कंद तीच जागा शोधतो. मोठ्या कुंडीत लावलात तर कुंडी विटांवर ठेवा, नाहीतर भोकातून खाली उतरेल.

लकी बांबू यात धरू नका, तो बांबूच नाही, आफ्रिकेतलं ड्रॅसिना नावाचं झुडूप आहे, आणि त्याच्या तीन काड्या ठेवल्या की पाच यावरून घरात पैसा येत नाही. बांबू फुलला की शाप लागून दुष्काळ येतो हेही तसंच. मुळी बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो, बियांवर उंदीर वाढतात, बिया संपल्या की ते शेतात घुसतात. मिझोराममध्ये 1959 चा दुष्काळ असा आला. त्याला कारण आहे, शाप नाही.

बेट आवरायला शीट वगैरे काही लागत नाही. मधल्या तीन वर्षांवरच्या काठ्या काढायच्या, एक-दोन वर्षांच्या ठेवायच्या, कारण नवे कंद जास्त करून त्यांच्याच डोळ्यांतून येतात. कापताना सांध्याच्या अगदी वर कापा, खुंटात पाणी साचलं की त्यात डेंग्यूचे डास होतात. आमचं बेट शेवटी राहिलं. यंदा जुलैत भिंतीच्या बाजूला चार कोंब आले ते वीतभर असतानाच मोडून काढले, बागेच्या बाजूचे तीन ठेवले, त्यातला एक आता दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलाय.