जीवाश्मशोध: लाइम रीजिस ते चारमाउथ

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट आणि पूर्व डेव्हन मिळून साधारण १५५ किलोमीटरचा 'जुरासिक कोस्ट' आहे (युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ, २००१). त्यातला लाइम रीजिस ते चारमाउथ हा छोटासा तुकडा नवख्या माणसाला जीवाश्म शोधायला बहुधा सगळ्यात सोपा, कारण इथे खणावं लागत नाही, कडे सारखे ढासळतात आणि समुद्र तो चिखल धुऊन आतलं सगळं गोट्यांमध्ये टाकून जातो. कोणी उचललं नाही तर पुढच्या लाटांमध्ये घासून त्याची वाळू होते, म्हणून सुटा पडलेला जीवाश्म उचलणं म्हणजे इथे बऱ्याचदा तो वाचवणंच असतं.

खडक दोन. खाली ब्लू लायस, म्हणजे चुनखडी आणि काळपट शेलचे (चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक) एकाआड एक थर, आणि वर चारमाउथ मडस्टोन, म्हणजे चिखलाचाच घट्ट झालेला खडक. वय ढोबळमानाने २० ते १९ कोटी वर्षं. ब्लू लायसचा अगदी तळ जुरासिकमध्ये धरायचा की त्याच्या लगेच आधीच्या ट्रायासिक काळात यावर बराच काळ एकमत नव्हतं, कारण ब्रिटनमध्ये जुरासिकची सुरुवात एका ठराविक अमोनाइटच्या (वेटोळ्या कवचाचा समुद्री प्राणी) पहिल्या दिसण्यावरून मोजायचे आणि तो तळापासून थोडा वर सापडतो. २०१० मध्ये ही सीमा जिथल्या खडकावरून मोजायची ते अधिकृत ठिकाण ऑस्ट्रियातलं ठरलं, तरी तळाचे काही थर ट्रायासिकच मानणं जास्त बरोबर वाटतं.

'लायस' हा शब्द कुठून आला हाही वादच आहे. खाणकामगार 'लेयर्स' हा शब्द आपल्या बोलीत तसा उच्चारायचे ही गोष्ट तिथे कोणीही सांगेल, ऐकायलाही छान वाटते. पण एका जातीच्या चुनखडीसाठी जुन्या फ्रेंचमध्ये 'लियेस'सारखा शब्द होता आणि इंग्रजीत तो भूविज्ञानाच्या आधीपासून बांधकामाच्या दगडासाठी वापरात होता, त्यामुळे फ्रेंच व्युत्पत्तीच जास्त पटते. खाणकामगारांची खरी देणगी म्हणजे एकेका थराची नावं, टेबल लेज, ग्रे लेज, मॉन्ग्रेल, स्पेकेटी, जी अभ्यासक आजही तशीच वापरतात.

थर असे एकाआड एक का? एक मत असं की पृथ्वीची कक्षा आणि आस ठराविक काळाने बदलते, त्यानुसार हवामान बदलायचं आणि तळाशी कधी चुना जास्त तर कधी चिखल जास्त साचायचा. दुसरं मत असं की गाळ पुरल्यानंतर त्यातला चुना सरकून काही पट्ट्यांत गोळा झाला. आता फिकट चुनखडीत प्राण्यांची जी जुनी बिळं दिसतात ती वरच्या काळ्या चिखलाने भरलेली असतात आणि काळ्या थरातली फिकट गाळाने, म्हणजे फरक मुळातच होता. नंतर तो अजून ठळक झाला असं म्हणणं सगळ्यात सुरक्षित.

मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७) ही जीवाश्म शोधणारी बाई लाइमचीच. १८११-१२ मध्ये सापडलेल्या इक्थिओसॉरचं (माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी) श्रेय सरसकट तिला देतात, पण कवटी आधी भाऊ जोसेफला दिसली होती आणि बाकीचा सांगाडा नंतर मेरीने शोधला. १८२३ चा प्लेसिओसॉर (लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी) मात्र तिचाच. १८३३ मध्ये तिचा कुत्रा ट्रे दरडीखाली तिच्या डोळ्यांदेखत मेला, कड्याखाली उभं राहायच्या आधी हे आठवावं.

नवख्याला सापडतात ते बेलेम्नाइट (माखलीसारख्या प्राण्याच्या आतला कठीण भाग, बंदुकीच्या गोळीसारखे, तुटल्यावर आत बारीक सळ्या मधून बाहेर जाताना दिसतात), ग्रिफिया नावाचे वाकडे शिंपले ज्यांना तिथे 'सैतानाची नखं' म्हणतात, आणि अमोनाइट, म्हणजे आपण शाळिग्रामात बघतो तेच वेटोळं. चारमाउथला शर्टाच्या बटणाएवढे पायराइटचे (लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज) अमोनाइट मिळतात, ते ओल्या वाळूत सोन्यासारखे चमकतात, मोठ्या गोट्यांत न बघता जिथे बारीक जड खडी साचते तिथे गुडघ्यावर बसून बघावं. घरी आणल्यावर दमट हवेत पायराइट कुजतं, पांढरी पूड सुटते, आम्ल तयार होतं, म्हणून नीट वाळवून कोरड्या डबीत ठेवावं. लाइमच्या पश्चिमेला मॉनमाउथ बीचवर फुटाहून मोठे अमोनाइट खडकातच बसलेले आहेत, ते फक्त बघायचे.

वेळ हिवाळ्याची, वादळानंतरची, आणि ओहोटी चालू असतानाची. भरती यायला लागली की परत फिरायचं, दोन गावांच्या मधे पाणी थेट कड्याला भिडतं आणि वाट बंद होते. मे २००८ मध्ये तिथला सुमारे ४०० मीटर कडा खाली आला, त्यात गावचा जुना कचराडेपोही आला, त्यामुळे वाळूत गंजकं लोखंड आणि काचा असतात, हातमोजे घालावेत. हातोडी पहिल्या फेरीत नकोच. कड्यात परवानगीशिवाय खणायचं नाही, शास्त्रीय महत्त्वाचं काही मिळालं तर चारमाउथ हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये नोंद करायची, आणि सापडलेल्या प्रत्येक तुकड्यासोबत जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायची.