उरलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे काय करावे?

मावशीच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी पंचवटीतील तिच्या घरी फडताळ आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाती आला. त्यात मॉर्फिनच्या अकरा गोळ्या, ट्रॅमाडॉलची अर्धी स्ट्रिप आणि कागदात गुंडाळलेला, त्वचेवर चिकटवायचा फेंटानिल या औषधाचा वापरलेला पॅच होता. तिचा चार वर्षांचा नातू त्याच खोलीत खेळत होता. ‘राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल,’ असे मावसभाऊ म्हणाला.

त्या डब्यात सर्वांत धोकादायक होता तो वापरलेला पॅच. तीन दिवस त्वचेवर राहूनही त्यात औषधाचा बराच अंश उरतो, आणि मुलाने तो चिकटपट्टी समजून अंगाला लावला किंवा तोंडात घातला तर तेवढा अंश जिवावर बेतू शकतो. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधे वेदना कमी करताना मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राचे कामही मंदावतात. महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या रुग्णाच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. तोच डोस सवय नसलेल्या माणसाचा, विशेषतः लहान मुलाचा, श्वास थांबवू शकतो. शेजारच्या काकूंना कंबरदुखीसाठी त्यातली गोळी देऊ नये, ती याचसाठी. ट्रॅमाडॉल तर नैराश्यावरील काही औषधांबरोबर घेतल्यास झटके (आकडी) येण्याची भीती असते, आणि काकू काय घेतात हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते.

उपचार चालू असताना ही औषधे कुलपात, मूळ स्ट्रिपमध्ये आणि मोजून ठेवावीत. सुटी स्ट्रिप घेताना मुदतीची तारीख छापलेला भाग बऱ्याचदा दुकानातच कापला जातो, म्हणून ती तारीख तिथेच स्ट्रिपवर लिहून घ्यावी. गॅसजवळची फळी आणि न्हाणीघर या जागा टाळाव्यात. नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. ॲस्पिरिनच्या जुन्या बाटलीला येणारा व्हिनेगरसारखा वास म्हणजे ओलाव्याने गोळीचे विघटन होऊन तयार झालेले ॲसिटिक आम्ल.

विल्हेवाटीचा नियम सर्व गोळ्यांना एकच नाही. डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल अशा गोळ्या शौचकुपात टाकू नयेत, कारण नाशिकमधील तपोवन किंवा आगर टाकळीसारखी मलनिस्सारण केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात आणि डायक्लोफेनॅकचा मोठा भाग अशा प्रक्रियेतून तसाच पुढे जातो. (नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर आजही दिसणाऱ्या गिधाडांच्या जातीवर संकट आणणारे औषध हेच. तिथे कारण नदी नव्हती, हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस होते, म्हणून 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.) घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली. तेव्हा या गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवाव्यात, पिशवी घट्ट बांधावी आणि घंटागाडीवर वेगळी द्यावी.

मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकांचे मात्र उलट आहे. रुग्णालय ती परत घेत असेल तर उत्तमच. अन्यथा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये 17 औषधे शौचकुपात टाकून पाणी सोडावे असे सांगितले आहे, आणि मॉर्फिन, फेंटानिल, टॅपेंटाडॉल व ट्रॅमाडॉल त्या यादीत आहेत. नदीची काळजी असणाऱ्याला हे खटकते, मलाही खटकले. परंतु मोजक्या गोळ्यांनी पाण्याचे होणारे नुकसान आणि घरातल्या मुलाचा जीव यांत निवड करायची असेल, तर हा सल्ला मला योग्य वाटतो.

त्या संध्याकाळी पॅचची चिकट बाजू आत घडी करून तो आणि गोळ्या मी शौचकुपात टाकल्या, दोनदा पाणी सोडले आणि साबणाने हात धुतले. मावसभावाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गोळ्यांची संख्या पाहून पुन्हा हिशेब केला. दोन गोळ्या कमी भरत होत्या. त्या मावशीच्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या.