सुट्या घटकांचं मॉडेल: ऑस्लो, तुवुंबा आणि आपली काळी जमीन

नागपुरात मातीचा अभ्यास अमरावती रोडवर होतो, कापसाचा वर्धा रोडवर, पावसाच्या नोंदी सोनेगावला आणि सांडपाण्याचं संशोधन नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोन्ही 1976 च्या, नीरी त्याआधीची, 1958 ची. शेतात मात्र माती, पऱ्हाटी आणि पाऊस एकाच जागी नांदतात. ‘या आठवड्यात ओलित करावं का’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर संगणकाकडून हवं असलं, तरी या सगळ्यांचं ज्ञान एका हिशेबात आणावं लागतं. ते आणायचे मार्ग दोन. एकच अवाढव्य मॉडेल, म्हणजे शेताची संगणकावरची नक्कल, लिहायचं, नाहीतर सुटे घटक करून ते जोडायचे. दुसऱ्या मार्गाचा इतिहास साठ वर्षांचा आहे आणि तो विदर्भाच्या फार जवळ येऊन पोहोचतो.

सुरुवात ऑस्लोत झाली. 1960 च्या दशकात नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी सिम्युला ही भाषा घडवली. रांगा, कारखाने, वाहतूक यांचं वागणं त्यांना संगणकावर उतरवायचं होतं. त्यासाठी प्रत्येक वस्तूने आपली माहिती आपल्याजवळ ठेवायची आणि आपण कसं वागायचं हेही स्वतःच ठरवायचं, अशी रचना त्यांनी केली. सिम्युला 67 मधून क्लास (वस्तूचा साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली वस्तू) जगाला मिळाले. आज जावा किंवा पायथन शिकणाऱ्या मुलांना या कल्पना सुरुवातीलाच भेटतात. त्या सिम्युलेशनच्या गरजेतून जन्मल्या, हे त्यांना आवर्जून सांगायला हवं.

पुढच्याच वर्षी, 1968 मध्ये, जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत बेल लॅब्जचे डग मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे सुटे भाग घाऊक प्रमाणात तयार व्हावेत अशी मागणी केली. 1976 मध्ये बर्नार्ड झीग्लर यांनी या विचाराला गणिती पाया दिला. घटकाला आत येणारी आणि बाहेर जाणारी दारं ठरवून द्यायची. दोन घटक जोडून जे तयार होईल, तेही एक घटकच मानायचं. त्यामुळे जोडाजोड कितीही वरपर्यंत नेता येते.

शेतीत ही कल्पना सगळ्यात चांगली रुजली ती ऑस्ट्रेलियात, असं मला वाटतं. क्वीन्सलँडमधल्या तुवुंबाच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात ॲप्सिम नावाची, शेतातल्या पिकांचा आणि मातीचा हिशेब मांडणारी प्रणाली उभी केली. तिथल्या डार्लिंग डाउन्सची जमीन बरीचशी आपल्यासारखीच: काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. त्याआधीची बरीच मॉडेलं एकेका पिकाभोवती बांधलेली असत आणि मातीचा हिशेब त्या पिकाच्या पोटात असे. ॲप्सिमने माती मध्यभागी आणली. पिकं येतील आणि जातील; प्रत्येकाला आधीच्या पिकाने सोडलेली माती मिळेल आणि तेही ती थोडी बदलून जाईल.

सोयाबीन काढून हरभरा पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. सोयाबीनने ओल किती ठेवली, यावरच त्याचा हरभरा असतो. पण दोन पिकांची दोन स्वतंत्र मॉडेलं चालवली आणि दुसऱ्याला सुरुवातीची ओल अंदाजाने दिली, तर नेमकी हीच गोष्ट हातची जाते. कपाशीत तुरीची ओळ असेल तर दोन्ही पिकांनी एकाच मातीकडे पाणी मागायला हवं, आणि उन्हाची वाटणीही आपसात व्हायला हवी. ॲप्सिममध्ये ते जमतं. त्यातलं कपाशीचं ओझकॉट हे मॉडेल आधी वेगळं तयार झालं होतं. नंतर ते या मातीला जोडलं गेलं.

मातीचा घटक आतून पाहण्यासारखा आहे. सॉइलवॅट या मॉड्यूलमध्ये जमिनीचे थर असतात आणि प्रत्येक थराला तीन खुणा: पीक ओल कुठवर ओढू शकतं, निचरा झाल्यावर थर किती पाणी धरून ठेवतो आणि तुडुंब भरल्यावर किती. वरचा थर भरला की जास्तीचं पाणी खाली, एकाखाली एक ठेवलेल्या बादल्यांसारखं. आता मे महिन्यातली आपली काळी जमीन बघा. मृगाचा पहिला दमदार पाऊस भेगांतून थेट खाली जातो आणि वरचा थर अर्धवट कोरडाच राहतो. वरून खाली भरत जाणारा हिशेब इथे चुकतो. मग सॉइलवॅट काढून त्याजागी स्विम हे दुसरं मॉड्यूल बसवता येतं, जे रिचर्ड्सच्या समीकरणावर पाण्याचा सलग प्रवाह मोजतं. भेगांचा प्रश्न त्यानेही आपोआप सुटत नाही, पण दुरुस्ती नेमकी कुठे करायची ते दिसतं. कपाशीच्या मॉड्यूलला हात लावावा लागत नाही. घटकांच्या रचनेची खरी कमाई मला इथे दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेत हाच प्रयोग झाला, पण निकाल वेगळा लागला. 1971 ते 1976 या काळात अमेरिकेच्या संरक्षण संशोधन खात्याने बोलणं समजणाऱ्या यंत्रांसाठी पैसा दिला. कार्नेगी मेलनमध्ये, आंध्रात जन्मलेल्या राज रेड्डी यांच्या चमूने हिअरसे-2 बनवलं. त्यात ध्वनी, शब्द, वाक्यरचना यांचे स्वतंत्र जाणकार घटक एका सामायिक फळ्यावर आपापले तर्क लिहीत आणि दुसऱ्यांचे वाचून सुधारत. त्याच विद्यापीठातल्या हार्पी या दुसऱ्या प्रणालीने सगळं ज्ञान सुमारे 15 हजार अवस्थांच्या एकाच जाळ्यात ओतलं आणि हजार शब्दांच्या त्या परीक्षेत बाजी मारली. आजची न्यूरल जाळी त्याच वळणाची आहेत. तरीही शेतीसाठी मी घटकांच्या बाजूने आहे. बोलण्याचे नमुने हवे तितके गोळा करता येतात. एका शिवाराला मात्र वर्षाला एकच खरीप मिळतो.

जोडणीचे नियमही हळूहळू ठरत गेले. कोलोरॅडोतल्या बोल्डरहून 2007 पासून चाललेल्या सीएसडीएमएस या, भूपृष्ठाची मॉडेलं एकमेकांना जोडणाऱ्या उपक्रमाने मॉडेलांकडून मोजक्या गोष्टी मागितल्या: सुरू हो, एक पाऊल पुढे जा, मागितलेली किंमत दे, दिलेली घे, थांब. शिवाय आपलं एकक कोणतं आणि आपलं पाऊल किती वेळाचं, हे विचारल्यावर सांग.

या शेवटच्या अटीचं मोल नागपूरकरांना 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेवरून कळेल. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. सॉइलवॅटचं पाऊल एका दिवसाचं आहे, आणि वाहून जाणारं पाणी ते कर्व्ह नंबर पद्धतीने, दिवसाच्या एकूण पावसावरून काढतं. 100 मिलिमीटर चार तासांत पडले की चोवीस, त्याला फरक पडत नाही. हंगामभराच्या ओलीसाठी हे बऱ्याच अंशी चालून जातं. नदीच्या पुरासाठी अजिबात नाही. त्यासाठी 1971 पासून वापरात असलेलं स्वॅम हे शहरी पावसाच्या पाण्याचं मॉडेल आहे. तेही मुळात सुट्या भागांत बांधलेलं होतं आणि काही मिनिटांच्या पावलांनी चालू शकतं. पाणी मुरण्याच्या हिशेबासाठी त्यात हॉर्टन, ग्रीन-अँप्ट, कर्व्ह नंबर अशा पद्धतींतून निवड करता येते. नाग नदीच्या खोऱ्यासाठी पहिल्या दोनपैकी एक घ्यावी, कारण पाऊस मुरण्याच्या वेगापेक्षा जोरात पडतो आहे का, हे त्या दर पावलाला तपासतात.